पुढच्या चाकाची मोटार

जळलेली मोटार घेऊन येणारा माणूस दुकानाच्या पायरीवरूनच सांगतो, "भाऊ, चालता चालता आपोआप बंद पडली." प्रतापनगरात मोटार वायंडिंगचं माझं दुकान एकोणचाळीस वर्षं पूर्ण दिवस चाललं आणि आता गुडघ्यांच्या कृपेनं अर्धा दिवस चालतं. एवढ्या वर्षांत "माझ्या हातून जळली" असं म्हणणारं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. कोणी मिक्सरमध्ये खोबऱ्यासोबत चमचाही फिरवलेला असतो, कोणी आटलेल्या विहिरीवर पंप चालू ठेवून लग्नाला गेलेला असतो. मोटार मात्र प्रत्येकाची आपोआपच जळते. मी कधी वाद घातला नाही, कारण झाकण उघडलं की आतल्या तारा सगळं सांगून टाकतात.

आमचा धंदा बाहेरून कंटाळवाणा दिसतो. मोटारीच्या पोटात लोखंडी खाचा असतात. जळलेली तार काढायची, काढताना वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तांब्याच्या तारेचे भरायचे, मध्ये कागद सरकवायचा, दोऱ्यानं बांधायचं, वार्निश पाजायचं आणि वाळवायचं. मोजताना कोणी "काय भाऊ, काय चाललंय" असं विचारलं की आकडा गेलाच म्हणून समजा. त्यामुळे अर्ध्या प्रतापनगराला मी शिष्ट वाटतो. वाटो बापडा.

नागपुरात आमचा खरा सण मे महिन्यात असतो. कुलरची मोटार बंद पडली की भलेभले लोक रडकुंडीला येतात. आमच्याच गल्लीतले एक निवृत्त हेडक्लार्क एकदा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन सकाळी दहापासून माझ्या स्टुलावर बसले ते दुपारी चारला मोटार हातात मिळाल्यावरच उठले. म्हटलं, "साहेब, घरी जाऊन आराम करा, पाठवून देतो." तर म्हणाले, "घरी जाऊन काय करू? बायको म्हणते, टॉवेल ओला करा अन् पंख्यासमोर उभे राहा, तेवढाच गारवा." मी हसलो आणि वेढे मोजायला पुन्हा पहिल्यापासून लागलो.

पण या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो ते कुलरबद्दल नाही. मला एका दोन मोटारींच्या गाडीबद्दल सांगायचं आहे, आणि माझ्या एका खोट्या वाक्याबद्दल.

ती गाडी माझ्याकडे आली रामदासपेठेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडून. जाड टायरांची विजेवर चालणारी बाइक होती आणि तिच्या दोन्ही चाकांत एकेक मोटार बसवलेली होती. डॉक्टर रविवारी ती घेऊन टेकड्यांवर जायचे. एका रविवारी पडले आणि स्वतःचंच गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. त्यानंतर त्यांच्या मॅडमनी गाडी घरात ठेवायलाच नकार दिला. बंद पडलेली पुढची मोटार दाखवायला ते माझ्याकडे आले आणि गाडी बघून माझा चेहरा कसा झाला ते पाहून म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच घ्या ही. निदान माझ्या नजरेसमोर तरी नको." अशी ती माझी झाली.

वयाच्या साठाव्या वर्षी माणसानं खेळण्यात जीव गुंतवू नये असं माझी बायको सुमन म्हणते. मी गुंतवला. हिंगण्याकडच्या मुरमाच्या टेकडीवर मी दर रविवारी ती चढवायचो. जिथं गुडघ्यांनी दहा वर्षांपूर्वीच हात टेकले होते तिथं ही गाडी मला बसल्या बसल्या घेऊन जायची. दोन मोटारींची गंमत अशी, की मागची गाडीला ढकलते आणि पुढची ओढते. चढावर एकटं मागचं चाक मुरूम उकरत जागीच फिरतं. पुढचंही जोर लावत असेल तर गाडी निसटत नाही. मी दोन्ही मोटारींचा जोर वेगवेगळा कमीजास्त करता येईल अशी सोय केली, वायरींना पाण्यापासून जपलं, ब्रेक दाबताक्षणी दोन्ही मोटारी बंद होतील असं केलं. वर्षभर गाडीनं मला एकदाही दगा दिला नाही.

आता इंदूताईंबद्दल. त्या काटोलजवळच्या एका गावातल्या संत्र्याच्या बागायतदार. नवरा गेल्यापासून पंपाची मोटार त्या स्वतः पोत्यात बांधून एसटीनं माझ्याकडे आणायच्या. मोटार का जळली हे विचारायच्या, कागदावर लिहून घ्यायच्या. असं विचारणारं गिऱ्हाईक दुर्मीळ, म्हणून मी त्यांना मान देत आलो. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून टेकडीवरच्या बागेत जाताना गाडी घसरली आणि त्यांचा खुबा मोडला. आत सळई घातली. चालायला लागल्या, काटोलात आपली स्कूटीही चालवू लागल्या, पण टेकडीची वाट बंद झाली. पायी चढवत नव्हतं आणि मुलानं पुन्हा मागं न बसवायची शपथ घेतली होती.

गेल्या डिसेंबरात रामदासपेठेत खुब्याची तपासणी करून त्या दुकानात आल्या. कोपऱ्यातली गाडी बघितली आणि विचारलं, "मिस्तरी, हे चढते का गोट्याच्या वाटेनं?"

म्हटलं, "चढते. मीच चढवतो ना ताई."

"गिअर हाय का?"

"नाही. स्कूटीसारखीच मूठ पिळायची."

त्या गाडीभोवती एक फेरी मारून स्टुलावर बसल्या. "मंग मले हे पायजे. माह्याजवळ संक्रांतीपर्यंतच टाइम हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी थंडीत झाडांचं पाणी बंद करतात. झाड तहानतं, पानं मलूल होऊन पिवळी पडू लागतात. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. याला ताण देणं आणि ताण तोडणं म्हणतात. लवकर तोडला तर नुसती पालवी फुटते, उशिरा तोडला तर फांद्या वाळतात. तो नेमका दिवस पानांवर दिसतो, आणि त्यासाठी रोज बागेत जाऊन पानं बघावी लागतात. गेली दोन वर्षं मुलगा नितीन तारीख बघून पाणी सोडत होता आणि दोन्ही वर्षं फूल निम्मंच लागलं. त्याचं काटोलात खताचं दुकान. रोज टेकडी चढायला त्याला सवड नव्हती. बगीचा पाच वर्षं ठेकेदाराच्या हाती द्यायचा असं त्यानं ठरवलं होतं आणि संक्रांतीला होकार द्यायचा होता.

"तो म्हणते, तू आपल्या आपण वर चढून दाखव, मंग ठेक्याचं नाव नाही काढत," इंदूताई म्हणाल्या. "म्या म्हटलं, ठीक हाय. दाखवतो."

"अन् पडल्या तर?"

"पडली तं उठीन. पाच वर्षं तो ठेकेदार माह्या झाडाईले पिळून काढीन, ते खालून पाहत बसू काय मी?"

माझी लाडकी गाडी द्यायला जीव होत नव्हता, हे कबूल करतो. पण बाई मागत होती कशासाठी आणि मी ती वापरत होतो कशासाठी, हे डोळ्यासमोर असताना नाही म्हणायला तोंड उघडेना.

कामाला लागलो. साडीत बसता यावं म्हणून मधला दांडा कापून खाली वाकलेला पाइप वेल्डिंग करून घेतला. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट उतरवली. आणि पुढची मोटार उघडून मी ती नव्यानं भरली. बारीक तारेचे जास्त वेढे भरले की चाक हळू फिरतं पण जोर धरतं. इंदूताईंना वेग नको होता, जोर हवा होता. यात माझा हात कोणी धरू शकत नाही असं मला वाटत होतं. नागपुरात खरंच फार कमी लोक धरू शकतील.

जोडणी केली तर चाक उलटं फिरलं. पंपाच्या मोटारीत असं नेहमी होतं. तीन वायरी असतात, कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की मोटार सुलटी फिरते. हे मी हजारो वेळा केलं असेल, झोपेतही करीन. तसंच केलं. चाक सुलटं फिरलं. जरा कुरकुर केली, पण नवं वायंडिंग आहे, बसेल हळूहळू, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. प्रतापनगरच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. हिंगण्याच्या टेकडीवर न्यायला हवी होती. संक्रांत जवळ आलेली, घाई झालेली. नेली नाही.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी मालवाहू ऑटोत गाडी घालून गावी पोहोचलो. टेकडीच्या पायथ्याशी विहीर, तिथूनच पाइप वर बागेकडे गेलेला. नितीन होता, त्याचे दोन काका होते, शेजारच्या वावरातली माणसंही गंमत बघायला जमली होती. इंदूताईंनी पदर खोचला आणि निघाल्या. पहिलं वळण झकास घेतलं. मी मिशीत हसलो. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी उभा चढ लागला आणि गाडी गुरगुरायला लागली. तेवढ्यात मला वास आला. जळत्या वार्निशचा वास मी शंभर पावलांवरून ओळखतो. पुढचं चाक मेलं, मागचं मुरूम उकरत फिरलं, गाडी मागं सरकली आणि इंदूताई कुशीवर पडल्या.

नितीन धावला. तळहात सोलला होता, बाकी काही नव्हतं. सगळे भोवती जमले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ताई, तुमी मूठ एकदम पिळली. असं एकदम पिळाचं नसते."

मला ते खरं वाटत होतं का? नाही. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की पाच माणसांपुढं माझी मोटार जळली होती आणि दोष दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर हवा होता.

इंदूताईंनी हाताची माती झटकली आणि हळूच म्हणाल्या, "असंन. माह्याच हातून चुकलं असंन."

नितीन म्हणाला, "झालं ना आई समाधान? आता जिद सोड." मुलगा वाईट नव्हता. एकदा त्याच्याच गाडीवरून आईचा खुबा मोडला होता आणि आज ती पुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत पडली होती.

दुकानात येऊन मी मोटार उघडली. कोणी मूठ एकदम पिळली म्हणून मोटार अशी जळत नाही. तिन्ही बाजूंचे वेढे सारखे काळे पडले होते, म्हणजे पहिल्या क्षणापासून मोटार जास्त करंट खात होती. पुन्हा नव्यानं वेढे भरले, मुद्दाम तशीच जोडणी केली, चाक हवेत ठेवून करंट मोजला. मागच्या मोटारीच्या कितीतरी पट. आणि तीच कुरकुर.

मग डोक्यात प्रकाश पडला. पंपाच्या मोटारीला फक्त तीन जाड वायरी. या चाकातल्या मोटारीला त्याशिवाय बारीक वायरींचा एक जुडगा असतो. चाक आत्ता कुठं पोहोचलं ते त्या बारीक वायरी सांगतात आणि त्यावरून कधी कुठल्या वेढ्यात वीज सोडायची ते ठरतं. जाड वायरी बदलल्या तर त्यांच्या जोडीनं बारीकही बदलाव्या लागतात. नाहीतर चाक सुलटं फिरताना दिसतं, पण जोर चुकीच्या वेळी लागतो. रिकामं असताना कळत नाही. चढावर मोटार स्वतःशीच भांडते आणि जळते. या विषयात नवशिका असलेला माणूस पुस्तकात बघून जोडणी करतो, त्याच्याकडून ही चूक होत नाही. ती होते माझ्यासारख्या झोपेत वायरी बदलणाऱ्याकडून.

बारीक वायरी बदलल्या. चाक आवाज न करता फिरलं आणि करंट मागच्या मोटारीइतकाच आला. मी कपाळावर हात मारला.

दुपारी जेवताना सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "मग फोन करा ना त्यांना."

"कशाला? गाडी नीट करून देतो. चढून जातील. झालं."

"अन् त्या मूठ पिळतील का?"

तिला वायंडिंगमधलं काही कळत नाही, पण तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. उभ्या चढावर मूठ एकदा उघडली की माथ्यापर्यंत सोडायची नसते. भिऊन अर्ध्यात सैल केली की गाडी थांबते, मागं येते आणि माणूस पडतो. जिला मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तू जास्त पिळली, ती आता प्रत्येक वळणाला हात आखडता घेणार. गाडी दुरुस्त झाली होती, पण त्या बाईच्या हातातला भरवसा मीच काढून घेतला होता आणि तो मलाच परत द्यायचा होता. फोनवर नाही. जिथं काढला तिथं, लोकांसमोर.

दुसऱ्या दिवशी हिंगण्याची टेकडी गाडीनं तीनदा चढून दाखवली. त्यानंतर ती मालवाहू ऑटोत घालून काटोल गाठलं. नितीनच्या दुकानात चारपाच शेतकरी बाकावर बसलेले, इंदूताई आत पोती मोजत होत्या. मी उभ्यानंच म्हणालो, "त्या दिवशी ताईंची काही चूक नव्हती. वायर माझ्या हातानं चुकली होती. पहिल्यापासून मोटार जळणारच होती. अन् मी खोटं बोललो."

नितीन गल्ल्यावरून उठला. "माही माय मेली असती तं काय म्हटलं असतं तुमी? आपोआप मेली?"

मी मान खाली घातली. एकोणचाळीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं आणि बोलायला त्याचा हक्क होता.

"नेऊन टाका ते गाडी इथून," तो म्हणाला.

इंदूताई आतून बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. मुलाला म्हणाल्या, "नितीन, माह्या हातून चुकलं म्हणून तू ठेका द्याले निघाला होता ना गा? आता चूक माही नाही, हे चार लोकाईसमोर सिद्ध झालं. मंग?"

"आई, काहून पुन्हा जिवावर उदार होऊन राहिली?"

"मंग सांग म्हटलं."

बाकावरचे शेतकरी हसू दाबत होते. नितीन परत गल्ल्यावर बसत म्हणाला, "एकच बार. अन् पडली तं मंग माह्यापाशी बगीच्याचं नाव नाही काढायचं."

"नाही काढणार."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला आम्ही तिघंच विहिरीपाशी होतो. इंदूताईंनीच दुसऱ्या कोणाला बोलावू दिलं नव्हतं. मी म्हणालो, "ताई, मूठ उघडली की माथा येईपर्यंत सोडायची नाही. भीती वाटली तर सरळ ब्रेक दाबा, दोन्ही मोटारी बंद होतात. पण मूठ अर्धी करू नका."

"अन् वास आला तं?"

"वास आला तर चूक माझी. ब्रेक दाबा अन् उतरा."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "आता कसं बोलले मिस्तरी," एवढंच म्हणाल्या आणि नितीनकडे वळल्या. "माह्या मागं येऊ नको. तू मागं आला की माहा जीव तुह्यात राहते."

त्या निघाल्या. पहिलं वळण. मग दुसऱ्या वळणाचा उभा चढ. मी नाक वर करून वार्निशचा वास येतो का ते बघत होतो. चाकाखालून गोटे उडाले, गाडी डावीकडे कलली, नितीननं माझा दंड धरला. मूठ सैल झाली नाही. गाडी सरळ झाली, चढ चढून गेली आणि पळसाच्या झाडांमागं दिसेनाशी झाली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पडल्या असत्या तर आवाज आला असता, असं मी नितीनला सांगत होतो आणि स्वतःलाही. त्यानं फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. तो चपला काढून वाटेला लागला आणि तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"काहून फोनावर फोन करून राहिला? झाडं पाहू देशीन का नाही?"

नितीन तिथंच एका गोट्यावर बसला. "पोचली?"

"मंग काय रस्त्यातून बोलून राहिली? ऐक. पानं पुरी मलूल झाली, वरच्या ओळीत गळूनही राहिली. आज पाणी द्या लागते. मोटार सुरू कर."

"आई, हिशेबानं अजून सहा दिवस बाकी हायेत..."

"हिशेबानं पानं पाहिली का? म्या पाहिली. बटन दाब."

"अन् उद्या ठेकेदार येऊन राहिला त्याले काय सांगू?"

"येऊ दे त्याले. तिळगूळ खाऊन जाईन."

नितीननं माझ्याकडे बघितलं. तो उठला, विहिरीजवळच्या स्टार्टरपाशी गेला आणि हिरवं बटन दाबलं. पंप घुमला, पाइपाला हिसका बसला. त्यानं खाली वाकून पाइपावर तळहात ठेवला आणि फोनात ओरडला, "चढून राहिलं आई, पाणी चढून राहिलं!"

"पाठव," वरून इंदूताई म्हणाल्या. "मी हाय इथंच."